मनाचा काटा

ज्यांच्या घरी सोळा ते पंचवीस या वयाचा एखादा मुलगा आहे, त्यांना संगणकावरील खेळ हा काय प्रकार असतो हे सांगावयास नकोच. ज्यांच्या घरी तसा कोणी नाही, त्यांनी स्वतःस भाग्यवान समजून हा निबंध खुशाल ओलांडावा. आम्हीही पूर्वी त्यांच्याच पंक्तीचे होतो. महाविद्यालयात एकतीस वर्षे मराठी शिकविण्यात घालविल्यामुळे जगात जे जे छापील नाही ते ते थोडेसे संशयास्पद, अशी आमची समजूत होऊन बसली होती. आणि संगणकावरील खेळांस तर आम्ही पत्ते व सोंगट्या यांच्याही खालच्या पायरीवर बसविले होते, कारण पत्त्यांत निदान समोर माणूस तरी असतो. हे मत बदलण्यास आमचा पुतण्या कारण झाला असे म्हणणे रीतीस धरून होईल. वस्तुतः कारण झाले ते आमचे वडील, आणि तेही अवघ्या दोन शब्दांच्या एका प्रश्नाने.

२०१९ साली पुतण्या अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्यास आमच्याकडे राहावयास आला. त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या मातोश्री निवर्तल्या, आणि पुढल्या मार्चच्या २५ तारखेपासून सारा देशच दारे लावून घरात बसला. तीन खोल्यांच्या जागेत आम्ही, आमचे कुटुंब, पुतण्या आणि शहाऐंशी वर्षांचे तीर्थरूप अशी चार माणसे एकमेकांच्या पायांत पाय अडकवून वावरू लागलो. बाहेर रोगाची साथ, आत ही दाटी. आणि अशा वेळी आमच्या पुतण्याने मन रमविण्यासाठी जो खेळ निवडला होता त्यातही बाहेर रोगाची साथ आणि आत कोंडलेला एक मनुष्य, एवढाच मामला होता! पोटभर जेवून उठलेल्या माणसाने हातात पाकशास्त्र घेऊन बसावे तसे आम्हांस ते वाटले.

त्या खेळाचे नाव 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड'. 'द इंडी स्टोन' या नावाच्या मंडळीने तो रचिला असून त्याची भूमी अमेरिकेतील केंटकी प्रांत व काळ १९९३ चा जुलै महिना ही होय. एका अनाकलनीय रोगाने माणसे मरतात आणि मेल्यावर उठून जित्यांस फाडावयास धावतात. खेळणाऱ्याने आपल्या पात्रास अन्न, पाणी, औषध, निवारा मिळवून द्यावयाचा आणि होईल तितके दिवस जगवावयाचे. शेवट कधीच सुखाचा नाही. तुम्ही कसे मेलात त्याची ही कथा आहे, असे खेळ आरंभीच बजावून सांगतो. या स्पष्टवक्तेपणाबद्दल आम्ही त्याच्या कर्त्यांस मनातल्या मनात शाबासकी दिली, कारण इतका प्रामाणिक मंगलाचरणाचा श्लोक आमच्या पाहण्यात क्वचितच आला आहे.

एके दुपारी पुतण्याचे पात्र कोण्या परक्याच्या घरात खिडक्यांना फळ्या ठोकून बसले होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसे चित्रचिन्ह उमटले होते. तीर्थरूप मागे खुर्ची ओढून बसले होते; त्यांना त्या काळात कोठेतरी बसावयाचे असे, म्हणून ते बसत. त्यांनी विचारले, "हे काय आलं रे?" पुतण्या म्हणाला, "त्याला कंटाळा आलाय, आजोबा. घरात फार वेळ बसलं की येतो. कंटाळा वाढला की तो उदास होतो, आणि उदास झाला की सगळी कामं हळू हळू करतो." मग त्याने त्या पात्राच्या पिशवीतून एक पुस्तक काढविले, ते वाचावयास लावले, आणि क्षणभराने ते चिन्ह नाहीसे झाले. तीर्थरूप पुढे वाकले.

"कोणतं पुस्तक?"

पुतण्या गोंधळला. त्या वेळच्या आवृत्तीत पुस्तकास नाव नव्हते. ते नुसते 'पुस्तक' होते. जसे वर्तमानपत्र नुसते 'वर्तमानपत्र' आणि मासिक नुसते 'मासिक'. तो म्हणाला, "कुठलंच नाही. नुसतं पुस्तक आहे." तीर्थरूप थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले व म्हणाले, "आणि तरी बरा झाला?" एवढे बोलून ते उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

हा प्रश्न विनोद म्हणून आम्ही कित्येकांस सांगितला. त्यातील विनोद जसजसा विरत गेला तसतसे आम्ही या विषयाकडे ओढले गेलो, हे कबूल करणे प्राप्त आहे.

खेळाच्या कर्त्यांवर अन्याय होऊ नये म्हणून प्रथम त्यांची बाजू सांगतो. जीव जगविण्याच्या खेळांत भूक, तहान, थंडी, जखम यांची मोजदाद ठेवणे सोपे आहे व ती सर्वच ठेवितात. पण पोट भरलेला, पाणी प्यालेला, उबेत बसलेला मनुष्यही आतून खचू शकतो, आणि त्यास एखादी गोष्ट, एखादे गाणे, दूरचित्रवाणीवरील एखादा सुताराचा कार्यक्रम यांनी आधार मिळतो, हे ओळखून तसा हिशेब खेळात घालणे ही साधी गोष्ट नव्हे. या खेळात दूरचित्रवाणी आहे. पहिल्या काही दिवसांत सकाळ, दुपार, संध्याकाळ तीवर कार्यक्रम लागतात, त्यांतून पात्र सुतारकाम व स्वयंपाक शिकते, आणि मग एक दिवस प्रक्षेपण बंद पडते, पुढे वीजही जाते. निरक्षर असे पात्रही निर्माण करता येते. त्यास पुस्तकाचा काही उपयोग नाही, परंतु दूरचित्रवाणीपुढे ते इतरांसारखेच बसते. हे सर्व ज्याने योजिले त्याने माणूस पाहिला आहे यात संशय नाही. त्याच्या उलट 'द लाँग डार्क' या कॅनडातील बर्फाच्या खेळात घरात फार काळ कोंडून घेतल्यास मनाचा आजार जडतो खरा, परंतु त्यावर उपाय म्हणजे बाहेर उघड्यावर राहणे हा होय. तेथे पुस्तक एक तर विद्या मिळविण्याचे साधन असते किंवा चूल पेटविण्याचे. करमणूक म्हणून तेथे कोणी काही वाचीत नाही.

पुस्तक जाळावे की वाचावे हा प्रश्न मात्र एका खेळाने नीट उभा केला आहे. पोलंडातील वॉर्सा येथील 'इलेव्हन बिट स्टुडिओज' या संस्थेने २०१४ साली 'धिस वॉर ऑफ माइन' नावाचा खेळ काढला. यात खेळणारा शिपाई नसतो. वेढा पडलेल्या नगरातील तीन-चार साधी माणसे त्याला जगवावयाची असतात. दिवसा बाहेर गोळीबार, रात्री चोरून अन्नाचा शोध, घरात थंडी. सापडलेले पुस्तक शेगडीत घातले तर रात्र उबेत जाते. ठेवून वाचले तर खचलेला माणूस थोडा सावरतो. खेळ दोहोंपैकी कोणत्याही निवडीस दोष देत नाही. साराजेव्हो नगराच्या १९९२ ते १९९६ च्या वेढ्यावरून ही कल्पना सुचलेली आहे, आणि त्या वेढ्यात लोकांनी खरोखरच घरातली पुस्तके जाळून हिवाळे काढले. त्याच नगराचे राष्ट्रीय ग्रंथालय १९९२ च्या ऑगस्टात तोफांच्या माऱ्याने जळून गेले, ती गोष्ट निराळी. ते जाळणारे थंडीने कुडकुडत नव्हते. २०२० साली पोलंडच्या सरकारने हा खेळ शाळांतील पूरक वाचनाच्या यादीत घातला. आमच्याकडील पाठ्यपुस्तक मंडळींपैकी काहींशी आमची ओळख आहे. अशी सूचना त्यांच्यापुढे मांडली असता त्यांचे चेहरे कसे होतील ते पाहण्याची आमची फार इच्छा आहे.

साराजेव्होची आणखी एक हकीकत येथे लिहितो, कारण तिच्यावरून पुढे आमचा पुतण्याशी वाद झाला. १९९३ च्या ऑगस्टात, वेढा चालू असताना, सुसान सोंटाग या अमेरिकन लेखिकेने तेथील नटांना घेऊन सॅम्युएल बेकेटचे 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक बसविले. वीज नव्हती, म्हणून मेणबत्त्यांच्या उजेडात प्रयोग झाले. ज्यांस पाणी आणावयासही जीव मुठीत धरून जावे लागे, असे लोक ते पाहावयास जमले. हे नाटक म्हणजे दोन माणसे कोणाची तरी वाट पाहतात आणि तो येत नाही. खेळाच्या हिशेबाने याचे उत्तर काय यावयाचे? उदास प्रेक्षक, त्यात उदास नाटक. काटा आणखी खाली जावयास हवा. परंतु ते लोक आले, बसले, आणि पुन्हा प्रयोग झाले तेव्हा दुसरे आले.

करुण रसापासून आनंद कसा होतो, हा प्रश्न आपल्याकडील पंडितांनी शेकडो वर्षे चघळला आहे. न. चिं. केळकर यांनी त्यावर 'सविकल्प समाधी' ही उपपत्ती मांडली, ती जुन्या वाचकांस आठवत असेल: वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण आपले स्वतःचे भान सोडीत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतच काव्याचा आनंद आहे. वर्गात हे शिकविताना आम्ही नाटकाची व कादंबरीची उदाहरणे देत असू. आता आम्हांस वाटते की केळकरांची समाधी जर कोठे रोकडी पाहावयाची असेल तर ती खेळ खेळणाऱ्या पोराच्या पाठीमागे उभे राहून पाहावी. "मला भूक लागली," असे तो म्हणतो ते पात्राविषयी, आणि त्याच श्वासात "काकू, चहा," असे म्हणतो ते स्वतःविषयी. गंमत अशी की समाधीत असलेल्या या पोराचे पात्र जेव्हा पुस्तक वाचावयास बसते, तेव्हा त्या पात्रास मात्र समाधी नाही. त्याला पुस्तक औषधाच्या गोळीसारखे लागू पडते. त्या खेळात उदासीनतेवर गोळ्याही आहेत; पुस्तक आणि गोळी यांत फरक एवढाच की पुस्तक घ्यावयास वेळ अधिक लागतो.

असो. लॉकडाउनच्या त्या महिन्यांत आमच्या घरी एक जिवंत पात्र होते, आणि त्याचा काटा दिवसेंदिवस खाली उतरत होता. तीर्थरूपांची नोकरी रेल्वेत झाली होती. पुणे-मिरज मार्गावरील लहानमोठ्या स्थानकांवर स्टेशनमास्तर म्हणून त्यांचे आयुष्य गेले. बोलणे मुळातच थोडे. मातोश्री गेल्यावर ते आणखी कमी झाले आणि टाळेबंदीत सकाळचे फिरणे सुटल्यावर जवळजवळ थांबले. तेव्हा आम्ही शिक्षकी पेशास शोभेल अशा रीतीने त्यांच्या करमणुकीचा कार्यक्रम आखला. सकाळी वर्तमानपत्राऐवजी (ते घरी येणे बंद झाले होते) आम्ही काही विनोदी वाचून दाखवावे, दुपारी आकाशवाणी, सायंकाळी नाट्यसंगीत. विनोदी लेख वाचताना आम्ही स्वतः हसत होतो. ते डोळे मिटून ऐकत आणि संपल्यावर "छान आहे" म्हणत. चौथ्या दिवशी आम्ही तोच लेख चुकून पुन्हा वाचला, तेव्हाही ते "छान आहे"च म्हणाले.

पुढे मेच्या आरंभी कपाटाच्या तळाशी त्यांना जुने रेल्वेचे वेळापत्रक सापडले. पाने पिवळी, पाठ निखळलेली, त्यातील निम्म्याहून अधिक गाड्या केव्हाच्या बंद अथवा बदललेल्या. ते त्यांनी खुर्चीत बसून तीन आठवडे वाचले. वाचले म्हणजे अक्षरशः वाचले. मधूनच एखाद्या ओळीवर बोट ठेवून "ही लोणंदला क्रॉसिंग घ्यायची," असे ते कोणासही उद्देशून न बोलता बोलत. जेजुरी, दौंडज, वाल्हे, नीरा, लोणंद ही नावे आमच्या घरात त्या मे महिन्यात जितकी उच्चारली गेली तितकी देवादिकांचीही गेली नसतील. जेवण वाढले. एक दिवस त्यांनी कुटुंबास वाल्ह्याच्या स्थानकात शिरलेल्या एका म्हशीची गोष्ट सांगितली, ती आम्हांस चाळीस वर्षांत कधी सांगितली नव्हती.

नॅन्सन या नॉर्वेच्या प्रवाशाने व त्याच्या जोहान्सन नावाच्या सोबत्याने १८९५-९६ चा हिवाळा उत्तर ध्रुवाकडील फ्रान्झ जोसेफ भूमीवर दगडांच्या व कातड्यांच्या झोपडीत काढला, तेव्हा त्यांच्याजवळ वाचावयास नौकानयनाचे पंचांग व कोष्टके यांखेरीज काही नव्हते. तीच ते पुन्हा पुन्हा वाचीत. हे आम्ही पूर्वी वाचले होते आणि अडलेल्या माणसाची लाचारी म्हणून सोडून दिले होते. वेळापत्रकाच्या प्रकरणानंतर आम्हांस तसे वाटत नाही. शॅकल्टनचे 'एन्ड्युरन्स' जहाज १९१५ साली दक्षिण ध्रुवाकडील बर्फात चिरडले गेले, तेव्हा त्याने प्रत्येकास खाजगी सामान दोन पौंडांपर्यंतच ठेवण्याचा हुकूम केला. पण हसी नावाच्या सोबत्याचा बँजो त्याहून कितीतरी जड असूनही तो मात्र त्याने मुद्दाम बरोबर घेतला. तो बँजो आज ग्रीनिच येथील संग्रहालयात आहे. मोहिमेच्या नायकाला जे कळले ते आम्हांस कळावयास रेल्वेचे वेळापत्रक लागले.

परंतु वेळापत्रकाच्या अगोदर रामायण होऊन गेले होते. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने १९८७ सालचे रामायण पुन्हा दाखविण्यास आरंभ केला, हे बहुतेकांस आठवत असेल. सकाळी नऊ व रात्री नऊ. आमच्या इमारतीत भिंतीपलीकडून तेच शब्द आमच्या शब्दांच्या अर्धा क्षण मागेपुढे ऐकू येत. सर्वांची तबियत त्याने सुधारली. तीर्थरूपांची मात्र बिघडली. मूळ प्रक्षेपणाच्या वेळी दर रविवारी मातोश्री स्नान करून, दूरचित्रवाणी संचास फूल वाहून बसत असत, आणि तीर्थरूप त्यांची या भाबडेपणाबद्दल थट्टा करीत. आता थट्टा करावयास कोणी नव्हते. कार्यक्रम संपला की ते अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून निजत. आम्ही संच बंद करावयास निघालो तर रात्री नऊला पाच मिनिटे असताना ते आपण होऊन खुर्चीत येऊन बसलेले असत. एकाच वस्तूने मन खाली जाते आणि तीच वस्तू मनास हवी असते; कोणत्याही काट्यावर हे दाखविता येत नाही, कारण काट्याला एका वेळी एकच दिशा असते. आमचे कुटुंब तेव्हा म्हणाले, "मामंजी म्हणजे काय गच्चीवरची टाकी आहेत, पाणी किती उरलं ते पाहायला?" हे वाक्य आम्ही पुढे पुतण्याशी वाद घालताना स्वतःचे म्हणून वापरले.

तीर्थरूप २०२१ च्या ऑगस्टात गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या खेळाची नवी आवृत्ती निघाली व तीत चित्रफिती आल्या. दुकानी चित्रपटांच्या आणि लोकांनी घरगुती भरलेल्याही. पुतण्याने आम्हांस बोलावून हे दाखविले. नंतरच्या पावसाळ्यात तो म्हणाला की या खेळात बाहेरच्या कोणासही स्वतःची भर घालता येते, तिला 'मॉड' म्हणतात, ती ल्युआ नावाच्या सोप्या संगणकभाषेत लिहितात, आणि त्यास अशी एक भर घालावयाची आहे की जीमुळे पात्राने काय वाचले, काय पाहिले, यावर त्याचे मन अवलंबून राहील. "आजोबांनी विचारलं होतं ना," एवढेच कारण त्याने सांगितले. शब्द आमचे, संगणक त्याचा, असा करार होऊन आम्ही रोज रात्री जेवणानंतर बसू लागलो.

प्रथम पुनरुक्तीचा प्रश्न निघाला. खेळात वाचून झालेले पुस्तक नाहीसेच होत असे, याचा आम्हांस संताप आला होता; पुस्तक काय उदबत्ती आहे? पुतण्याने 'रिमवर्ल्ड' नावाच्या दुसऱ्या एका खेळाचा दाखला दिला. त्यात वसाहतीतील माणसांना करमणुकीची गरज स्वतंत्र मोजलेली असते, आणि एकाच प्रकारची करमणूक वारंवार केली तर तिचा गुण उतरत जातो. बुद्धिबळे खेळून विटलेल्याला दुर्बिणीतून तारे पाहावेसे वाटतात. योजना चांगली आहे व ती आम्ही उचलली, परंतु एका अपवादासह. प्रत्येक पात्रास आरंभीच दोन-तीन वस्तू 'आपल्या' अशा ठरवून द्याव्या, आपत्तीपूर्वीच्या आयुष्यातल्या. त्यांना हा नियम लागू नसावा. त्या वस्तू पात्रास ठाऊक, खेळणाऱ्यास सापडेपर्यंत अज्ञात. पुतण्याला ही कल्पना इतकी आवडली की त्याने त्याच रात्री ती लिहून काढली आणि पहाटे आम्हांस उठवून दाखविली.

उपाशी पात्राने स्वयंपाकाचा कार्यक्रम पाहिल्यास भूक अधिक जाचावी, ही सूचना आमच्या कुटुंबाची. ती बिनविरोध मान्य झाली. निरक्षरास दुसऱ्याने वाचून दाखवावे, कारण हा खेळ अनेकांनी मिळूनही खेळता येतो, हीही मान्य झाली. आणि वाचणाऱ्याचे मन ऐकणाऱ्याहून थोडे अधिक सुधारावे असे आम्ही सुचविले, तेव्हा पुतण्याने आमच्याकडे पाहून हसणे आवरले. विनोदी लेखांची हकीकत त्याला ठाऊक होती.

गाडे अडले ते शोकाच्या ठिकाणी. आमचे म्हणणे, 'आपल्या' वस्तूने पात्राचे मन प्रथम खाली जावे आणि नंतर, पात्र एकदा झोपून उठल्यावर, थोडे वर यावे. आणि कधी न येईल तर न येवो. पुतण्याचे म्हणणे, हे खेळणाऱ्यास समजणार नाही. "काका, त्याने जीव धोक्यात घालून ती कॅसेट शोधून आणली, लावली, आणि पात्र आणखी उदास झालं, तर तो म्हणेल हा मॉड बिघडलाय. खेळात कारण दिसायला लागतं." ही हरकत खोटी नाही. नाटककारालाही ती लागू आहे. प्रेक्षकास कारण कळले नाही तर शोक हास्यास्पद होतो. शेवटी असे ठरले की अशा वेळी पात्राच्या डोक्यावर एखादे वाक्य उमटावे, आणि ती वाक्ये आम्ही लिहावी. आम्ही चाळीस लिहिली. पुतण्याने त्यांपैकी एकतीस 'फार मराठीच्या पेपरासारखी' म्हणून काढून टाकली. उरलेल्या नवांत "हे तिला आवडायचं" हे एक आहे, आणि ते आमचे नसून त्याचे आहे.

साराजेव्होच्या नाटकाचा दाखला आम्ही येथे दिला. त्यावर तो म्हणाला, "ती माणसं स्वतः ठरवून गेली होती. इथं पात्र ठरवत नाही, खेळणारा ठरवतो." हे उत्तर आम्हांस आजही पुरते खोडता आलेले नाही. परंतु त्यातूनच त्याने पुढची गोष्ट काढली. खेळणाऱ्याचा त्रास वाचावा म्हणून त्याने एक नियम लिहिला होता: एखाद्या वस्तूने पात्राचे मन एकदा खाली गेले, तर ती वस्तू पात्राच्या यादीतून आपोआप दूर व्हावी, म्हणजे चुकून पुन्हा हातास लागणार नाही. चार ओळींचा नियम. त्याने तो मोठ्या अभिमानाने वाचून दाखविला आणि म्हणाला, "हा पात्राच्या भल्यासाठी आहे."

आम्ही एकदम ओरडलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. पात्राचे भले तू कोण ठरविणार, अशा अर्थाचे काहीतरी होते, आणि आवाज एका संगणकाच्या खेळाच्या मानाने फार मोठा होता. पुतण्या थक्क होऊन पाहू लागला. कुटुंब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी आमच्याकडे एकवार पाहिले व काही न बोलता त्या परत आत गेल्या, कारण त्यांना कारण ठाऊक होते.

ते कारण येथे लिहावयाचे की नाही याचा आम्ही बराच विचार केला. मातोश्रींच्या भजनी मंडळाचा एक कार्यक्रम फार पूर्वी आमच्याच घरी झाला होता व तो कोणीतरी कॅसेटवर भरून घेतला होता. २०२० च्या जूनमध्ये तीर्थरूपांनी ती कॅसेट शोधून काढली आणि जुन्या टेपरेकॉर्डरवर लावली. टाळांच्या व बायकांच्या घोळक्यात मातोश्रींचा आवाज ओळखू येतो. भजन सुरू होण्यापूर्वी त्या कोणालातरी "दार लोटून घ्या" असे सांगतात, तेही तीत आहे. तीर्थरूप ते ऐकून रडले. त्या रात्री जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी वेळापत्रक उघडले नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा त्यांनी ती लावली आणि पुन्हा तेच झाले. तेव्हा आम्ही, त्यांच्या भल्यासाठी, ती कॅसेट काढून माळ्यावरील ट्रंकेत ठेविली आणि त्यांना सांगितले की फीत अडकून तुटली. त्यांनी "बरं" म्हटले. एवढेच. स्टेशनमास्तराला गाडी रद्द झाल्याचे कळवावे आणि त्याने नोंद करून घ्यावी, तसे. त्यानंतर एक वर्ष दोन महिने ते जगले आणि त्या कॅसेटविषयी त्यांनी एक अक्षर विचारले नाही. जेवत होते, झोपत होते, औषधे वेळेवर घेत होते. कोणत्याही काट्यावर पाहिले असते तरी त्यांची प्रकृती ठीक होती.

हे सर्व आम्ही त्या रात्री पुतण्यास सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने त्या चार ओळी पडद्यावर काढल्या आणि एकेक करून पुसून टाकल्या. पुसून झाल्यावर म्हणाला, "आजोबांना माहीत होतं, काका. तुम्ही शिडी लावलेली त्यांनी पाहिली होती. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी आम्ही माळ्यावरून ट्रंक उतरविली. कॅसेट होती तशीच होती, आवरणावर मातोश्रींच्या अक्षरात फक्त वार लिहिलेला, तारीख नाही. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. असा पट्टा आता कोठे मिळतो हे शोधावयास पुतण्याला चार दुकाने पालथी घालावी लागली. पाचव्या दुकानातील वृद्ध गृहस्थाने यंत्र ठेवून घेतले व गुरुवारी यावयास सांगितले. तोपर्यंत कॅसेट कुटुंबाने देवघराच्या फळीवर ठेविली. पुतण्याने ती उलटून पाहिली आणि विचारले, "दुसऱ्या बाजूला काय आहे?"

ते आम्हांस ठाऊक नव्हते. ती बाजू आम्ही कधी ऐकलीच नव्हती.